हृदयरुग्ण, घरगुती औषधं आणि साथीचा काळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च २०२० पासून येऊ लागलेले हे प्रश्न कोविडची साथ ओसरल्यावरही थांबलेले नाहीत. तापाची लाट आली की तेच प्रश्न नव्याने येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ज्यांना बीपी, अँजिओप्लास्टी, बायपास, हार्ट फेल्युअर किंवा कोलेस्टेरॉलसाठी गोळ्या चालू आहेत, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिलं आहे. छातीत आत्ता दुखत असेल तर बाकी वाचू नका, आधी प्रश्न १० पाहा.

१. झाडपाल्यात हृदयासाठी खरंच औषध असतं, की सगळं ऐकीव?

असतं. आज दवाखान्यात लिहून दिली जाणारी कित्येक औषधं तिथूनच आली. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या झाडाच्या पानांचा उपयोग नोंदवला, त्याच जातीच्या झाडातून पुढे डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध मिळालं. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटाचा शोध जपानच्या अकिरा एंडो यांना बुरशीत लागला. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचं मूळ कुजलेल्या गवती चाऱ्यात आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम रुग्णांवर तपासून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. त्यातलं रिसर्पिन पुढे बरीच वर्षं बीपीसाठी वापरलं गेलं. त्याने काही रुग्णांना नैराश्य येतं हेही वापरातूनच लक्षात आलं.

औषध असलं की त्याला डोस असतो, अपाय असतो आणि दुसऱ्या गोळीशी न जमणंही असतं. कुंपणाला लावलेल्या बिट्टीच्या (पिवळ्या कण्हेरीच्या) बियांत डिगॉक्सिनच्याच जातीची द्रव्यं असतात आणि त्या बिया खाल्ल्याने हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावतो. ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य म्हणूनच मनातून काढून टाका.

२. साथीत सरकारनेच काढा घ्यायला सांगितला होता ना?

हो. आयुष मंत्रालयाने ३१ मार्च २०२० रोजी सूचना काढली. तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा, १५० मिलीलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद, सकाळी १० ग्रॅम च्यवनप्राश, असं त्यात होतं. हा कोविडवरचा उपचार असल्याचा दावा नाही, असंही त्याच सूचनेत लिहिलं होतं.

घराघरांत मात्र वेगळंच झालं. दोनदाचा काढा चार वेळा झाला. मिरी चिमटीऐवजी चमच्याने पडू लागली. कुणी त्यात गुळवेल घातली, कुणी घसा बसला म्हणून ज्येष्ठमध. मूळ यादीत ज्येष्ठमध नव्हतंच, आणि हृदयरुग्णांना सर्वांत जास्त त्रास त्यानेच होतो (प्रश्न ३). तिखट काढा रिकाम्या पोटी घेतल्याने छातीत जळजळ व्हायची आणि ती हृदयाची आहे की पित्ताची, हे घरी कळायचं नाही.

३. आई दिवसातून तीनदा काढा घेते आणि तिचं बीपी वाढलंय. काढ्यामुळे असेल का?

त्यात ज्येष्ठमध असेल तर नक्की शक्य आहे. ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन असतं. आपल्या मूत्रपिंडात कॉर्टिसोल हे संप्रेरक निष्प्रभ करणारं एक एन्झाइम आहे आणि ग्लिसिरायझिन ते बंद पाडतं. मग कॉर्टिसोल मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावतं. पाणी साठतं, बीपी चढतं, पाय सुजतात. पोटॅशियम उतरलं की पायात गोळे येतात, अशक्तपणा वाटतो, ठोके चुकतात.

युरोपातल्या तज्ज्ञ समितीने ग्लिसिरायझिनची रोजची मर्यादा १०० मिलीग्रॅम सुचवली आहे. मुळीत त्याचं प्रमाण पिकानुसार बदलतं. ५ टक्के धरलं आणि काढ्यात सगळं उतरलं तर २ ग्रॅम पुडीत ही मर्यादा संपते, म्हणजे साधारण एका लहान चमच्यात. तीन वेळा घेतलं तर तिप्पट. काही जणांचं बीपी याहून कमी मात्रेतही वाढतं.

पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचा. ज्येष्ठमध तिथे यष्टिमधु, मुलेठी, लिकोरिस किंवा ग्लिसिरायझा ग्लाब्रा अशा कोणत्याही नावाने असेल. खोकल्याची आयुर्वेदिक सिरपं, घशाच्या चघळायच्या गोळ्या आणि काही हर्बल चहा यांतही ते असतं.

लघवी होण्याची गोळी (फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड) चालू असेल तर पोटॅशियम दुहेरी वाटेने जातं. डिगॉक्सिन चालू असेल तर कमी पोटॅशियममध्ये त्याची विषबाधा लवकर होते. या रुग्णांनी ज्येष्ठमध अजिबात घेऊ नये. बंद केल्यावर परिणाम लगेच जात नाही, एक-दोन आठवडे लागू शकतात. तेवढ्यात डॉक्टरांकडून सोडियम-पोटॅशियमची रक्ततपासणी करून घ्या. बीपी पाहून गोळीचा डोस घरीच वाढवू नका, कारण ज्येष्ठमधाचा परिणाम ओसरला की तोच डोस जास्त होतो.

४. मग काढ्यातलं काय चालतं?

तुळशीची चार पानं, आल्याचा तुकडा, चिमूटभर हळद, एक-दोन मिरी, दालचिनीचा छोटा तुकडा, दिवसातून एकदा. एवढं स्वयंपाकात नाहीतरी पडतंच. दालचिनीची पूड रोज चमचाभर महिनोन्महिने घेऊ नका. बाजारातल्या जाड सालीच्या दालचिनीत (कॅसिया) कुमारिन असतं आणि जास्त मात्रेत ते यकृताला त्रास देतं. हार्ट फेल्युअरसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर काढा आणि हळदीचं दूधही त्याच मापात धरा.

५. सकाळी कच्चा लसूण खाल्ला तर बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी बंद करता येईल का?

नाही. बीपी वाढलेल्या लोकांत लसणाने दाब थोडा उतरतो असं काही चाचण्यांत दिसलं आहे, पण गोळीची जागा घेण्याइतका नाही. कोलेस्टेरॉलबाबत अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण, लसणाची पूड, मुरवलेल्या लसणाचा अर्क किंवा नुसतीच बिनऔषधी गोळी देऊन पाहिलं. २००७ मध्ये निष्कर्ष आला: वाईट कोलेस्टेरॉलवर कशाचाच परिणाम नाही.

आवडत असेल तर एक पाकळी ठेचून, दहा मिनिटं तशीच ठेवून जेवणात खा. ठेचल्यावरच त्यात ॲलिसिन तयार होतं, अख्खी पाकळी गिळली की ते फारसं होत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत जास्त लसूण नको (प्रश्न ७).

६. कोलेस्टेरॉलसाठी खरोखर उपयोगी असं नैसर्गिक काही आहेच का?

आहे, आणि ते स्वस्त आहे. इसबगोलाचा भुसा रोज सुमारे १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, दोन वेळांत विभागून घेतला तर वाईट कोलेस्टेरॉल ५ ते १० टक्के उतरू शकतं. सुरुवात एका लहान चमच्याने करा, नाहीतर पोट फुगतं. दर वेळी भरपूर, किमान एक मोठा पेला पाणी लागतं. कमी पाण्यात घेतला तर तो घशात किंवा आतड्यात फुगून अडकतो, आणि गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत हे खरंच घडतं. पाण्यावर बंधन असेल तर इसबगोल डॉक्टरांना विचारूनच. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. ओट्स आणि बार्लीतल्या तंतूंचा परिणाम याच जातीचा आहे.

ॲटोरव्हास्टॅटिनच्या पूर्ण डोसने वाईट कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून झटका येऊन गेलेल्या किंवा स्टेंट बसवलेल्या माणसाने इसबगोल गोळीच्या जोडीला घ्यावा, गोळीऐवजी नव्हे.

गुग्गुळाबद्दलही बरेच जण विचारतात. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. तीत गुग्गुळ घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल थोडं वाढलंच आणि काहींना अंगावर पुरळ उठलं. ‘रेड यीस्ट राइस’च्या (बुरशीने आंबवलेल्या लाल तांदळाच्या) कॅप्सूलमध्ये असणारं मोनॅकोलिन के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच. स्टॅटिन चालू असताना ती घेतली तर नकळत दुहेरी डोस होतो. स्नायू दुखू लागले, लघवी गडद झाली तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

पपनस आणि ग्रेपफ्रूट ही फळं सिम्व्हास्टॅटिन, ॲटोरव्हास्टॅटिन आणि बीपीच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतात. गणपतीत पपनसाच्या दोन फोडी खाल्ल्या म्हणून घाबरू नका, पण रोज रस नको.

७. वडील रक्त पातळ करण्याची गोळी घेतात. त्यांनी काय टाळावं?

आधी कोणती गोळी ते पाहा, कारण उत्तर वेगवेगळं आहे.

वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारॉल (कृत्रिम झडप बसवलेल्यांना बहुधा हीच असते) जीवनसत्त्व ‘के’च्या विरुद्ध काम करते. पालक, मेथी, माठ, कोबी यांत ते जीवनसत्त्व असतं. भाज्या बंद करायच्या नाहीत, प्रमाण आठवड्याला साधारण सारखं ठेवायचं. साथीच्या काळात नेमकं हेच बिघडलं: टाळेबंदीत पंधरा दिवस पालेभाजी मिळाली नाही आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) वर गेला, मग भाजी आल्यावर रोज पालक झाला आणि आयएनआर खाली आला. त्यात तपासणीही चुकली. शिवाय ॲझिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकांनी आयएनआर वाढतो, म्हणून असं औषध सुरू झालं की तीन-चार दिवसांत आयएनआर तपासून घ्या.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर असेल तर पालेभाजीचा प्रश्न नाही. पण लसणाच्या, हळदीच्या, गिंकोच्या किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल जोडीला घेतल्या तर रक्तस्राव वाढू शकतो. हिरड्यांतून रक्त, काळी शी, अंगावर निळे डाग ही लक्षणं दिसली तर थांबू नका. नेहमीच्या भाजी-आमटीतला लसूण आणि हळद दोन्ही गटांत चालते.

८. अर्जुनसादड्याची साल हृदयाला बळ देते म्हणतात. घेऊ का?

अर्जुनावर आपल्याकडे काही अभ्यास झाले आणि त्यांतले काही आशादायक आहेत, पण रुग्णसंख्या लहान होती. झटका किंवा मृत्यू टळतो असं दाखवणारी मोठी चाचणी नाही. परंपरेने तो क्षीरपाक करून देतात: सालीची पूड एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग, आणि दूध उरेपर्यंत आटवायचं. ५ ग्रॅम पूड असेल तर ४० मिलीलिटर दूध आणि १६० मिलीलिटर पाणी. घ्यायचाच असेल तर वैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांना सांगून, चालू गोळ्या न थांबवता. बीपीच्या गोळ्यांच्या जोडीला दाब जास्त उतरून उठताना चक्कर येते का, यावर लक्ष ठेवा.

९. गुळवेल आणि हळदीच्या गोळ्या तर निर्धोक आहेत ना?

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी असं म्हटलं. वाद बाजूला ठेवला तरी घरी वेल तोडून आणणाऱ्याला हा फरक ओळखता येत नाही, ही अडचण राहतेच. स्टॅटिन चालू असताना गुळवेल घेतली आणि यकृताचे आकडे वाढले की दोष बहुधा स्टॅटिनला दिला जातो आणि कामाची गोळी बंद होते.

हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्केच असतं आणि ते फारसं शोषलं जात नाही. मिरीतल्या पायपरिनबरोबर ते कितीतरी पट जास्त शोषलं जातं, म्हणून कॅप्सूलमध्ये दोन्ही एकत्र घालतात. हेच पायपरिन इतर औषधांचंही प्रमाण वाढवू शकतं. भाजीतली हळद आणि अशी कॅप्सूल यांना एका मापाने मोजू नका.

१०. छातीत दुखतंय, पण साथीत दवाखान्यात गेलो तर संसर्ग होईल. थोडं थांबू का?

थांबू नका. या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, धाप. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रियांमध्ये कधी कळ नसतेच, नुसती उलटी, घाम आणि एकदम गळून जाणं असतं. ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा, सोडा किंवा काढा देत बसण्यात पहिला तास जातो. विश्रांती घेऊनही दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर १०८ लावा. लक्षणं जोरात असतील तर तेवढंही थांबू नका. स्वतः गाडी चालवू नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर फोनवरच्या डॉक्टरांना विचारून ३०० मिलीग्रॅम साधी ॲस्पिरिन चावून घ्या. सॉर्बिट्रेट (छातीतली कळ थांबवणारी गोळी) जिभेखाली ठेवायची तर आधी डॉक्टरांनी लिहून दिलेली असावी आणि बसून घ्यावी. बीपी उतरलेलं असेल किंवा सिल्डेनाफिल (व्हायग्रा) जातीची गोळी नुकतीच घेतली असेल तर ती जिवावर बेतू शकते.

गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या १२ तासांत देता येतं, पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत होतो. रक्त न मिळालेला हृदयाचा स्नायू मरतो आणि परत येत नाही. उशिरा आलेला रुग्ण वाचला तरी पुढे हार्ट फेल्युअर घेऊन जगतो.

२०२० मध्ये हे सगळ्या जगात झालं. अमेरिकेतल्या नऊ मोठ्या केंद्रांत गंभीर झटक्यासाठी अँजिओप्लास्टीची तातडीची तयारी करण्याचं प्रमाण ३८ टक्क्यांनी घटलं. भारतात टाळेबंदीच्या काळात झटक्याचे दाखल रुग्ण सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. झटके कमी झाले नव्हते, लोक येत नव्हते. इटलीतल्या लोम्बार्डीत त्याच सुमारास दवाखान्याबाहेर हृदय बंद पडण्याच्या घटना आदल्या वर्षापेक्षा ५८ टक्क्यांनी वाढल्या. त्यातल्या बऱ्याच कोविडशी निगडित होत्या, पण दवाखाना टाळल्याचाही त्यात वाटा असावा.

११. बीपीच्या गोळ्यांमुळे विषाणू शरीरात सहज शिरतो, असं वाचलं होतं. खरं काय?

रामिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या गोळ्यांबद्दल मार्च २०२० मध्ये अशी शंका मांडली गेली होती. विषाणू पेशीत शिरायला एसीई-२ हे प्रथिन वापरतो आणि या गोळ्यांनी ते वाढत असावं, असा तर्क होता. ब्राझीलमध्ये कोविडने दाखल झालेल्या ६५९ रुग्णांपैकी निम्म्यांच्या गोळ्या ३० दिवस थांबवून आणि निम्म्यांच्या चालू ठेवून पाहिलं. थांबवून फायदा दिसला नाही. गोळ्या चालू ठेवा. अपवाद प्रश्न १४ मध्ये आहे.

१२. साथीत शहाणीसुरती माणसंही असं का वागतात?

कारण भीती मोठी असते आणि हातात करण्यासारखं काही नसतं. मुखपट्टी लावून घरी बसणं म्हणजे काही ‘न करणं’ आणि त्याने मन शांत होत नाही. काढा उकळणं हे ‘करणं’ आहे, घरभर वास सुटतो, सगळे मिळून पितात. ही गरज खरी आहे, तिला हसू नये. त्यात घेतलेल्याला काही झालं नाही की श्रेय काढ्याला मिळतं, कारण बहुतेकांना संसर्ग सौम्यच होता.

दुसरं, नवा धोका डोळ्यांसमोर असला की जुना धोका मागे पडतो. रोज विषाणूचे आकडे दिसत होते, धमनीतली गुठळी कुणाला दिसत नव्हती. तिसरं कारण मनाचं नाही, सोयीचं आहे: लोकल आणि एसटी बंद, बाह्यरुग्ण विभाग बंद, गोळ्या संपलेल्या. माणूस गोळी ‘सोडतो’ असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा ती मिळतच नसते. म्हणून घरात किमान एक महिन्याच्या गोळ्या जास्तीच्या ठेवा आणि चिठ्ठीचा फोटो दोघांच्या फोनमध्ये असू द्या.

सासरे काढा सोडत नसतील तर ‘हे बंद करा’ म्हणू नका. ‘बाबा, काढा राहू दे, ज्येष्ठमध तेवढं काढू या’ असं म्हणा. दवाखान्यात जाताना घरात घेतलं जाणारं प्रत्येक चूर्ण, सिरप आणि कॅप्सूल पिशवीत घालून न्या. ‘दुसरं काही घेता का?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात, कारण काढ्याला ते औषध मानतच नाहीत.

१३. घरच्या यंत्रावर बीपी रोज वेगळं येतं. कोणतं खरं धरायचं?

पद्धत चुकली की आकडा चुकतो. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, मांडी न घालता पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर, आणि दंड हृदयाच्या उंचीला टेकलेला. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वाढतो. सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, असं सात दिवस मोजा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरी सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. काढा बदलला तर त्या तारखेसमोर तेही लिहा.

१४. ताप, जुलाब झाले तरी सगळ्या गोळ्या तशाच घ्यायच्या का?

प्रश्न ११ ला हाच अपवाद. उलट्या-जुलाब होत असतील, काही पोटात जात नसेल, तर लघवीची गोळी आणि रामिप्रिल-टेल्मिसार्टन गटामुळे बीपी फार उतरतं आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. ते दोन-तीन दिवस काही गोळ्या थांबवू शकतात. स्टेंटनंतरच्या ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल मात्र स्वतःहून कधीच थांबवू नका, स्टेंटमध्ये गुठळी होते. दात काढायचा असला तरी आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

तापासाठी पॅरासिटामॉल साध्या गोळीत घ्या, पाण्यात फसफसणाऱ्या गोळीत सोडियम असतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या बीपी वाढवतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि ॲझिथ्रोमायसिन एकत्र घेतल्याने ठोक्यांची लय बिघडू शकते, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर ती घेऊ नका.

१५. सैंधव आणि नारळपाणी हृदयरुग्णाला चालतं का?

सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, बीपीसाठी ते साध्या मिठाइतकंच मोजा. ‘कमी सोडियम’ मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं. निरोगी मूत्रपिंडाच्या बीपी रुग्णाला त्याचा फायदा होतो, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन, रामिप्रिल, टेल्मिसार्टन चालू असेल तर पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. नारळपाण्यालाही हेच लागू. ज्येष्ठमधाने उतरलेलं पोटॅशियम नारळपाण्याने भरून काढू असा विचार करू नका. किती उतरलंय हे रक्ततपासणीशिवाय कळत नाही.